सकाळी डोकं दुखतं का?

धुराडेमामांचा नव्या रंगावर विश्वास नव्हता. नुकती रंगवलेली भिंत दिसली की लोक म्हणतात, वा, काय छान; मामा मात्र तिला नाक लावायचे, नखानं कोपरा खरवडायचे आणि घरमालकाकडे वळून विचारायचे, "खाली काय झाकलंय?" या एका सवयीपायी त्यांना किती घरांत चहा मिळाला नाही, याची गणती मामींनीसुद्धा सोडून दिली होती.

अडतीस वर्षं मामांनी लोकांच्या घरांतली धुराडी साफ केली आणि तपासली. खांद्यावर एकात एक बसणाऱ्या काठ्या, टोकाला तारेचा ब्रश, पिशवीत आरसा, हातोडी आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा. तक्त्यात अठरा रकाने होते. विटा कशा, काजळी किती, झडप उघडते का, सगळं त्यात यायचं. सतराव्या रकान्यासाठी मामांचा एक ठरलेला प्रश्न होता. काम आवरलं की हात पुसत ते घरातल्या बाईमाणसाला विचारायचे, "सकाळी डोकं दुखतं का? आणि घराबाहेर पडलं की थांबतं का?"

लोक हसायचे. "मामा, धुराडं बघायला आलात की नाडी?"

मामा हसत नसत. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, माणूस खोकून जागा होतो. धुराची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती निखाऱ्यांतून निघणाऱ्या दुसऱ्या वायूची. त्याला ना रंग, ना वास. मामा त्याला 'मुका' म्हणायचे. बंद खोलीत मुका साठला की माणसाचं डोकं जड होतं, झोप गाढ लागते आणि कधी कधी ती मोडतच नाही; गेलेल्याचे गाल मात्र गुलाबी दिसतात. तो आला हे सांगणारं एकच लक्षण, सकाळची डोकेदुखी, आणि ती उघड्यावर गेलं की पळते. मामांच्या लेकीला हा प्रश्न बाराखडीच्या आधी पाठ झाला होता. लहानपणी ती बाहुलीला पांघरूण घालायची आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "सकाळी डोकं दुखतं का?"

संशय असा धंद्यात मुरला की घरात कसा राहणार नाही? मामी म्हणायच्या, "आमचे हे ताकसुद्धा फुंकून पितात, आणि फुंकायच्या आधी विचारतात, घुसळलं कुणी?" लेकीला पाहायला मुलगा आला तेव्हा मामांनी त्याचा कोट खुंटीला लावायच्या निमित्तानं आत नेला आणि सिगारेटचा वास येतो का म्हणून हुंगून पाहिला. मुलगा औषधांच्या दुकानाचा मालक. कोटाला औषधांचा वास आला. "हा कायम आजारी असतो," मामांनी निकाल दिला. लग्न झालं ते मामींच्या हट्टानं. जावयाला पुढे हा किस्सा कळला आणि तो त्यानं मनात जपून ठेवला. त्यामुळे मामांनी कुठं बोट दाखवलं की जावई आधी बोटाकडे बघायचा, दाखवलेल्या जागेकडे नंतर.

त्याच जावयानं आता घर घेतलं होतं. जुनं, दुमजली, दाराशी वेल, खालच्या मोठ्या खोलीत भिंतीतली शेकोटी आणि छपरावर उंच धुराडं. विकणारे एक म्हातारे घड्याळजी. मामा गुडघ्यांपायी निवृत्त झाले होते, तरी लेकीचं घर म्हटल्यावर काठ्या खांद्यावर घेऊन ते सकाळी आठलाच हजर झाले. लेक चार महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. वरच्या खोल्या गार, म्हणून ती बाळाला घेऊन खाली शेकोटीजवळ झोपणार होती. आजपासूनच.

"मामा, एकदाच सांगतो," जावई म्हणाला. "बाराला सामानाचा ट्रक येतोय. तोवर काय खुडबुड करायची ती करा. काही सापडलं तर तुम्ही म्हणाल तसं. नाही सापडलं, तर मी शेकोटी पेटवणार आणि तुम्ही यापुढे माझ्या घरातल्या एकाही भोकात हात घालायचा नाही. कबूल?"

"कबूल, जावईबापू," मामा म्हणाले आणि शेकोटीसमोर जुनं वर्तमानपत्र पसरून बसले. चार तास म्हणजे पुष्कळ झाले, असं त्यांना वाटलं.

काठ्यांना काठ्या जोडत त्यांनी ब्रश पार वरपर्यंत घातला आणि ओढून काढला. खाली जेमतेम चिमूटभर काजळी पडली. आरशात पाहिलं तर धुराडं घासलेल्या पातेल्यासारखं. झडप तेल दिल्यासारखी फिरत होती, विटेला तडा नाही, सांध्यात चुना जागच्या जागी. दुसरा कुणी असता तर खूश होऊन घरी गेला असता. मामांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घर विकणारा माणूस धुराडं कशाला घासेल? अंगण झाडेल, दाराला रंग देईल. ज्याला धुराडं घासायचं सुचतं त्याला धुराड्यातलं कळतं, आणि ज्याला कळतं त्याला लपवताही येतं.

त्यांनी उठून भिंती पाहिल्या. साऱ्या घराचा रंग जुना, विटलेला. याच एका खोलीला नवा, सायीसारखा. मामांनी नाक लावलं. फार तर पाच-सहा महिन्यांचा.

"हे घड्याळजी घर दाखवायला आले होते, तेव्हा काय काय बोलले?" त्यांनी लेकीला विचारलं.

"फार गोड माणूस आहे हो बाबा. हळू बोलतात. बाळाला बघून डोळे भरून आले त्यांचे."

"आणि या खोलीत आल्यावर?"

लेक आठवायला लागली. "या खोलीत ते आलेच नाहीत. उंबऱ्यावर उभे राहिले. म्हणाले, तुम्ही बघून घ्या निवांत."

"गोगलगाय नि पोटात पाय," मामा पुटपुटले.

"अहो, बायको गेली त्यांची मागच्या थंडीत," जावई म्हणाला. "एकटा माणूस. म्हणून तर घर विकून पुतण्याकडे राहायला गेले. सौदा एका बैठकीत उरकला, घासाघीससुद्धा केली नाही."

"तेच तर," मामा म्हणाले. घासाघीस न करणाऱ्या माणसाचं पाणी कुठंतरी मुरतच असणार, असं त्यांचं पक्कं मत होतं.

मग त्यांनी चार सुक्या काटक्या आणि कागदाचा बोळा शेकोटीत पेटवला. धूर वळला, जरा घुटमळला आणि सरळ वर गेला. जावई उघड्या दारात टेकून बघत होता. धूर शिस्तीत चाललेला पाहून त्यानं घड्याळाकडे नजर टाकली. साडेनऊ.

"पास झालं ना धुराडं?"

मामा काटक्यांची राख उलथत राहिले. त्यांना आतून राग येत होता, आणि खरं सांगायचं तर तो जावयावर नव्हताच. काही सापडत नाही याचा राग होता. सापडावं असं आपल्याला वाटतंय, आपल्याच लेकीच्या घरात खोट निघावी असं आपण इच्छितोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी हात थांबेनात.

ते घराबाहेर आले. मामांची एक पद्धत होती. आतून काही सापडलं नाही की ते बाहेरून भिंतीला तळहात लावून पूर्ण प्रदक्षिणा घालायचे आणि बाहेर जे जे दिसेल ते आत कुठं आहे हे मनात जुळवत जायचे. खिडकी बाहेर, खिडकी आत. पाइप बाहेर, नळ आत. वेलीपाशी ते थांबले. पानं बाजूला केली. जमिनीपासून वीतभर उंचीवर पुस्तकाएवढी लोखंडी जाळी होती.

मामा आत आले. शेकोटीच्या डाव्या हाताला, नेमक्या त्या जागी, गुळगुळीत भिंत होती. बाहेर जाळी, आत भिंत.

त्यांनी गुडघे टेकले, चेहरा वेडावाकडा झाला, आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेले. ठक, ठक, ठक, आणि मग एका जागी आवाज बदलला. नख फिरवलं. सांधा लागेना. अडतीस वर्षांत त्यांनी बुजवलेली भोकं शेकड्यांनी पाहिली होती, पण कडा सापडू नये असं बुजवलेलं हे पहिलंच. मग ते खिडक्यांकडे गेले. चौकटींच्या कडेनं लोकरीच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या, फटीफटीत पुट्टी भरलेली, दाराखालीसुद्धा पट्टी.

"जावईबापू, आत या. दार लावा. पक्कं लावा."

"आता काय?"

"मघाशी तुम्ही दार उघडं टाकून उभे होता. धूर त्या दाराच्या जिवावर वर जात होता. आगीला हवा लागते. ती यायची इथून, या जाळीतून. ती कुणीतरी बुजवली आहे. लावा दार, आणि बाळाला बाहेर ने गं."

लेक बाळाला घेऊन ओसरीत गेली. मामांनी या वेळी जाड लाकडं लावली आणि दोघे सासरे-जावई शेकोटीसमोर उभे राहिले. धूर वर गेला. दोन मिनिटं, चार मिनिटं. जावई हसायच्या बेतात होता. सातव्या मिनिटाला धूर घुटमळला, मागं वळला आणि शेकोटीच्या तोंडातून हळूच बाहेर येऊन वरच्या फळीला चाटत छताला लागला. जावई खोकायला लागला. मामांनी खिडकी उघडली आणि लाकडांवर राख टाकली.

"ही ओली-सुकी लाकडं, म्हणून धूर दिसला," मामा म्हणाले. "रात्री निखारे उरतात. निखाऱ्यांना धूर नसतो. मग मुका येतो, आणि तो दिसत नाही."

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. औषधविक्या माणूस, त्याला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. पण भीती ओसरली आणि त्याची जागा संतापानं घेतली. संशय एकाचा दुसऱ्याला लागतो तो असा.

"म्हणजे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं! वरून रंग फासून दिला! चार महिन्यांचं पोर बघितलं त्यानं माझं, आणि डोळे भरून आणले! मामा, मी त्याला सोडणार नाही. बाराला तो भिंतीवरचं घड्याळ न्यायला येणारच आहे."

"येऊ द्या," मामा म्हणाले. आज कितीतरी दिवसांनी जावई त्यांच्या बाजूनं उभा होता, आणि त्यांना ते बरं वाटत होतं. म्हाताऱ्याला काय काय विचारायचं, कसं कोंडीत पकडायचं, हे ते मनात घोळवत बसले.

घड्याळजी पावणेबाराला आले. बारीक अंगकाठी, स्वच्छ धुतलेला सदरा, हातात घड्याळ गुंडाळायला जुनं ब्लँकेट. ओसरीतून आले ते खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

मामांनी भिंतीवर हातोडी टेकवली. "घड्याळजी, ही जाळी कुणी बुजवली?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "सापडली तुम्हाला? कमाल आहे! मला वाटलं होतं, कुणाला दिसणारच नाही."

"दिसू नये म्हणूनच केलं होतं ना?"

"अर्थात! सांधा दिसला तर ते काम कसलं? घड्याळाची पाठ बसवावी तशी बसवली आहे. आठ दिवस घासत होतो." ते जरा पुढे झुकले, पण पाय उंबऱ्याबाहेरच राहिले. "हिला जिना चढवेना ना शेवटी. खाट इथं आणली, शेकोटीशी. त्या जाळीतून नेमका पायांवर वारा यायचा. घड्याळाला धूळ सोसत नाही, तसा हिला वारा सोसत नसे. मग जाळी बुजवली, खिडक्यांना पट्ट्या लावल्या, दाराला लावली. धुराडंही मीच घासायचो, दर महिन्याला. म्हणाली, आता कुठं ऊब आली हो."

मामांची हातोडी हळूहळू खाली आली.

"कधी बुजवली?"

"थंडी सुरू व्हायच्या तोंडावर. तेवढी एक थंडी तरी सुखाची गेली तिची." घड्याळजी किंचित हसले. "नुसती सकाळची डोकेदुखी लागली मागे. रोज उठली की डोकं धरून बसायची. आणि गंमत बघा, बहिणीकडे आठ दिवस राहायला गेली तर डोकेदुखी गायब! म्हणाली, 'माझी डोकेदुखी तुम्हीच आहात.' अजून आठवलं की हसू येतं. आली परत, आणि चौथ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी वर झोपायचो, माझ्या घोरण्यानं तिला जाग यायची म्हणून. खाली आलो तर गाल कसे गुलाबी, आजारी वाटेचना."

ओसरीत लेकीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. प्रश्न कुणी विचारलाच नव्हता आणि उत्तर समोर येऊन उभं राहिलं होतं. मामांनी आयुष्यभर हे उत्तर हजारो दारांत शोधलं होतं, आणि आज ते मिळालं तेव्हा मिळायला नको होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. सकाळपासून आपण या माणसाला चोर ठरवत होतो. त्याच्या पाया पडावं असं त्यांना वाटून गेलं.

"नंतर खोलीला रंग दिला," घड्याळजी म्हणाले. "वाटलं, रंग बदलला की आत जाववेल. नाही जाववलं." मग त्यांची नजर मामांच्या हातोडीवर गेली, राखेवर, उघड्या खिडकीवर. त्यांचा सगळा जन्म चालू गोष्ट बंद का पडली हे शोधण्यात गेला होता. "मामा, माझं काही चुकलं का हो?"

जावयानं तोंड उघडलं. मामांनी त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"नाही," मामा म्हणाले. "काम चोख आहे. असं काम मी पाहिलं नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"संशयी स्वभाव. विचारा कुणालाही. घरात तान्हं पोर आहे, त्याला हवा लागेल, म्हणून ती जाळी आम्ही पुन्हा उघडतोय, एवढंच."

घड्याळजींनी मान हलवली. "बरोबर आहे. पोरांना हवा लागते. मला मात्र वाऱ्याचा त्रास होतो. पुतण्याच्या घरी माझ्या खोलीत गॅसचा हीटर आहे, ऊब चांगली, पण खिडकीखाली बोटभर फट. पुट्टी आणून ठेवली आहे, आज जाऊन बुजवणार."

"नको!"

मामा इतक्या मोठ्यानं ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिले. मामांनी घसा खाकरला. खरं सांगितल्याशिवाय या हाताला थांबवायचं कसं? या म्हाताऱ्याचा हात फट बघितली की स्वस्थ बसणारा नव्हता.

"ती फट राहू द्या," ते म्हणाले. "गॅसच्या हीटरला लागते. कंपनीच सांगते."

"पण वारा..."

"येऊ द्या वारा. दोन ब्लँकेटं घ्या. मी उद्या सकाळी येतो तुमच्याकडे, हीटर बघतो. तोवर पुट्टीला हात लावायचा नाही, आणि हीटर रात्री बंद. मला शब्द द्या."

"तुम्ही तर निवृत्त झालात म्हणे."

"हात शिवशिवतात हो."

घड्याळजींनी हातातलं ब्लँकेट उलगडलं. मग ते म्हणाले, "दिला शब्द." जावयानं भिंतीवरचं घड्याळ उतरवून उंबऱ्यापर्यंत आणून दिलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि स्वतः उचलून फाटकापर्यंत पोचवून आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "कंपनी म्हणे," तो एवढंच म्हणाला आणि छिन्नी शोधायला गेला.

मामा पायरीवर बसले. लेकीनं बाळ खांद्यावर टाकलं आणि तक्ता गुडघ्यावर घेऊन एकेक रकाना वाचत गेली. मामा सांगत गेले, ती लिहीत गेली. विटा, ठीक. काजळी, नाही. हवेची जाळी, बंद, उघडायची आहे. सतराव्या रकान्याशी ती थांबली.

"बाबा. पूर्वीच्या माणसांना सकाळी डोकेदुखी?"

मामांनी तक्ता आपल्याकडे घेतला, पेनही घेतलं. या रकान्यात त्यांनी अडतीस वर्षांत एकदाही खोटं लिहिलं नव्हतं, आणि तो कधी कोराही सोडला नव्हता. बराच वेळ पेन कागदावर टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा झाला. मग त्यांनी लिहिलं, 'विचारलं नाही', आणि खाली सही केली.

ट्रक आला. जावयानं तो फाटकाबाहेरच थांबवला, आणि दोघे सासरे-जावई भिंतीशी गुडघे टेकून छिन्नी चालवायला लागले. पुस्तकाएवढं भोक, अर्ध्या तासाचं काम. पण म्हाताऱ्यानं ते इतकं मन लावून बुजवलं होतं की उघडता उघडता चार वाजले.